अर्जुनकाकांचा अंगठा

चाकणच्या थांब्यावर रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे फिटर आणि त्यांच्याच वर्कशॉपातली तरुण इंजिनिअर उभी होती.

"अर्जुनकाका, पास झालं! पेटीतली सगळी हवा पंपानं ओढली आणि आपली टार्गेटची पट्टी आत चाळीस हजार वेळा मागंपुढं सरकली. एकदाही अडकली नाही!"

"चाळीस हजार? आगं, मग पेढे कुठं हायती?"

"उद्या आणते!"

"पर दिपाली, ती हलवायचीच कशापायी?"

"अ‍ॅक्सिलरेटरमधून कणांचा झोत येऊन पट्टीवर आदळतो ना, ती एका जागी राहिली तर भोकच पडेल."

"आसं व्हय! तव्यावर भाकर फिरवावी तसं."

"अगदी तसंच!"

"मग तीन हप्ते काय घोडं अडलं व्हतं?"

"पट्टीवर तेलकट डाग होता. पंप लावला की त्याची वाफ व्हायची आणि पेटी पुरती रिकामीच होईना."

"मी तेलाचा थेंब लावला न्हाई!"

"अंगठ्याचा ठसा होता, काका. चार वेळा धुतली, आणि पेटीत घालताना चारही वेळा तुम्ही अंगठा फिरवलात."

"मग फिनिश बघाया नगं? पस्तीस वर्सं बघतोय."

"सोमवारी तुम्ही साखरपुड्याला गेलात, तेव्हा मी हातमोजे घालून बसवली."

"म्हंजी मी न्हवतो म्हणून पास झालं?"

"पण घासलेली तुमचीच आहे! पुढच्या दहा पट्ट्याही तुम्हीच घासायच्या. हा बघा तिचा फोटो."

"आण हिकडं. झ्याक! आरशावानी दिसतीया."

"काका, मोबाइलवर अंगठा काय फिरवताय?"

"फिनिश बघतोय."