दस्तगीरची परदेशाची बॅग

मंडळी, एक विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजाऱ्याला ऐकू जायला नको! माणूस दूर देशी निघाला, वर्षभरासाठी. बॅग भरतो. मेतकूट भरतो, लसणाची चटणी भरतो, कानटोपी भरतो — आमच्या ओळखीच्या एका काकूंनी तर पोळपाट भरला होता! असू दे. पण सगळं भरून, बॅगेवर बसून, चेन ओढून झाली, तरी छातीत काहीतरी रिकामं वाटतं ना? ते काय असतं? काय राहिलेलं असतं?

तर ऐका.

मिरजेत दस्तगीर नावाचा कारागीर राहायचा. तंबोरे करायचा. घरात ही मंडळी दख्खनी बोलत, मी आपलं आपल्या मराठीत सांगतो. चालेल ना? चालेल!

भोपळा वाळवावा, लाकूड तासावं, तारा चढवाव्या, हे पुष्कळांना जमतं. पण तंबोऱ्याचा जीव असतो जवारीत! भाकरीची नव्हे हो, मावशी, हसू नका! तारा जिच्यावर टेकतात ना, ती छोटीशी घोडी. तिचा माथा कानशीनं घासायचा. हलका... अगदी हलका... असा, की तार छेडल्यावर सूर नुसता वाजत नाही, उघडतो. दुपारच्या तिरिपीत धूळ तरंगते ना, तसा तरंगत राहतो. कुठं सुरू झाला, कळत नाही. कुठं संपला, तेही कळत नाही. पण एक घासा जास्त पडला, की गेलं! घासलेलं परत येत नाही, मंडळी.

दस्तगीरला थोरला भाऊ होता, बाबालाल. त्याचे हात कापायचे. कानस धरता येत नसे. पण कान — काय सांगू! धाकट्यानं घासायचं, थोरल्यानं डोळे मिटून ऐकायचं. "अजून... अजून... बस!" त्या 'बस'वर तीस वर्षं तंबोरे उघडले.

मग एकदा एक मोठे गवई आले. तंबोरा छेडला आणि डोळ्यांत पाणी! म्हणाले, "ही जवारी कुणी काढली?" दस्तगीर म्हणाला, "मी."

एवढंच. मी!

बाबालाल मागंच उभा होता. भांडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सुतार आणला आणि कारखान्याच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. सहा वर्षं! अलीकडे हा, पलीकडे तो. सहा वर्षं दस्तगीर अंदाजानं घासत होता. गिऱ्हाइकं खूश होती. त्याला मात्र माहीत होतं, सूर पूर्वीसारखा उघडत नाही.

आणि आलं पत्र! युरोपातल्या एका संग्रहालयातून. शंभर वर्षांचे अकरा तंबोरे, मुके पडलेले. दहा महिने या, त्यांना बोलतं करा.

घरात धांदल! त्याची बायको रुकय्या वजनकाट्यापाशी बसूनच राहिली. तेवीस किलोची मर्यादा. दस्तगीर कानशी भरतोय — चपटी, गोल, अर्धगोल, बारीक दात्यांची, जाड दात्यांची. लाख भरतोय. शिसवीचे तुकडे भरतोय. स्वेटर बाहेर, कानस आत. चटणी बाहेर, कानस आत!

"अहो, तिकडं बर्फ पडतो म्हणे. अंगात काय कानशी घालणार आहात?"

"काही लागलं तर?"

"आणि ही दुसरी गोल कशाला? एक आहे की."

"लागली तर!"

भरतोय, काढतोय, पुन्हा भरतोय. चार दिवस. शेवटी रुकय्यानं काटा बाजूला ठेवला. म्हणाली, "तुम्ही हत्यारं भरत नाही आहात. तुम्ही घाबरलाय."

मंडळी, बायकोला किती लवकर कळतं, नाही? पुरुषांनी मान हलवायला हरकत नाही!

दस्तगीर तिथंच, उघड्या बॅगेशेजारी आडवा झाला. दुपार होती. डोळे जडावले. अर्धी झोप, अर्धी जाग. आणि फळ्यांच्या फटीतून सूर यायला लागला. पलीकडं बाबालाल तंबोरा छेडत होता. नुसत्या मोकळ्या तारा. हळूहळू खोली भरली. बॅग, कानशी, भिंत... सगळं जणू पाण्याखाली गेलं. दस्तगीरला वाटलं, आपण लहान आहोत आणि भाई पोहायला शिकवतोय. पोटाखाली त्याचा हात आहे.

उठला. अनवाणीच निघाला. वळसा घालून पलीकडच्या दारात उभा राहिला.

"भाई."

बाबालाल वाजवतच राहिला.

"भाई, त्या दिवशी मी खोटं बोललो."

बोटं थांबली. सूर मात्र थोडा वेळ राहिला — राहतोच तो.

"सहा वर्षं लागली दहा पावलं यायला?" बाबालाल म्हणाला.

"लाज वाटत होती."

"मग आत्ता का आलास? विमान आहे म्हणून?"

"हो," दस्तगीर म्हणाला. खरं तेच म्हणाला! "भीती वाटते म्हणून आलो. तिथं 'बस' कोण म्हणणार?"

थोरल्यानं तंबोरा बाजूला टेकवला. मग त्यानं सरकून चटईवर जागा केली. "बस इथं. हातात काही घ्यायचं नाही."

मंडळी, जायला अकरा दिवस उरले होते. अकराही दिवस दस्तगीर त्या चटईवर डोळे मिटून बसला. बाबालाल तारा छेडायचा, विचारायचा, "आता कुठं आहे सूर?"

"तारेवर."

"चूक. ऐक."

"भोपळ्यात."

"चूक. ऐक."

सकाळची दुपार व्हायची, दुपारची संध्याकाळ. नवव्या दिवशी त्यानं विचारलं, "कुठं आहे?" दस्तगीर सुरात असा बुडाला होता, की प्रश्न कानावरही आला नाही. नुसता डुलत राहिला. बाबालाल हसला — सहा वर्षांनी!

बॅगेतून कानशी निघाल्या. राहिल्या दोन. स्वेटर आत गेले, चटणी आत गेली. काटा म्हणाला एकोणीस! विसरू नका हं, मंडळी: कानस नेण्याआधी कान न्यावा लागतो!

तिकडं पोचला. खिडकीबाहेर बर्फ, कापसासारखा, आवाज न करता पडणारा. समोर शंभर वर्षांचा तंबोरा. घासत घासत एका जागी येऊन थांबला. आणखी एक घासा? की पुरे? त्यानं फोन लावला. मिरजेला दुपार होती.

"भाई, ऐक." फोन घोडीपाशी धरला. तारा छेडल्या.

पलीकडून बाबालाल म्हणाला, "नुसती खरखर येतेय रे. फोनमधून जवारी येत नाही."

"मग?"

"मग काय! तूच ऐक. मी फोन ठेवत नाही."

दस्तगीरनं डोळे मिटले. तारा छेडल्या. पुन्हा छेडल्या. बर्फ पडतोय... सूर उघडतोय... फोनमधून भाईच्या श्वासाचा आवाज येतोय. किती वेळ गेला, दोघांनाही सांगता आलं नसतं.

"भाई, कानस खाली ठेवली."

"मग झालं," बाबालाल म्हणाला.

झालं! अकराच्या अकरा तंबोरे बोलले, मंडळी.

आता तुमच्याकडं येतो. हसताय काय! कुणाचा मुलगा कॅनडाला आहे, कुणी सुनेला भेटायला निघालंय, सगळ्यांच्या घरी वजनकाटे आलेत. भरा, चटण्या भरा! पण ज्याच्या 'बस'वर तुमचा हात आजवर थांबत आला, तो कोण? त्याच्याशी शेवटचं कधी बोललात? आणि विमान नसेल तर जाणारच नाही का त्याच्या दारात?

डोळे मिटा क्षणभर. मागं तंबोरा धरून बसलेल्या बुवांनो, नुसत्या तारा छेडत राहा, गाऊ नका. ज्याचा चेहरा आता समोर आला ना, त्याला उद्या सकाळी चहाच्या आधी हाक मारा. तो रागावेल, रागावू दे. आणि आज इथून उठताना, त्याचंही नाव मनात धरून, सगळ्यांनी मिळून पांडुरंगाला हाक घाला — विठ्ठल, विठ्ठल!