दाराबाहेरचा कप

१९९३ साल. वांकिडीच्या बस स्टँडवर कुसुमबाईंच्या पाठीमागच्या बाकावर त्यांच्या शेतात कापूस वेचणारी चंपाबाई येऊन बसली. तिनं कुसुमबाईंना पाहिलं नव्हतं. तिच्यासोबत तिची लेक विशाखा, जपानच्या महिला विद्यापीठात वर्षभर शिकवून आजच परतलेली.

"तिथं घरात घेत होते तुले?"

"हो माय. विद्यापीठाच्या मोठ्या बाईनं पहिल्याच दिवशी घरी चहाले बोलावलं."

"कप कोनी धुतला?"

"मीच. अन् सवयीनं दाराबाहेर पालथा ठेवला."

"मंग?"

"त्यायनं आत नेऊन आपल्या कपायत ठेवला."

"आपल्या कपायत?"

"हो. वर्षभर तिथंच होता."

"मंग वापस काऊन आली वं?"

"कुसुमबाईच्या ओसरीत तुहा येगळा कप हाये ना अजून? तो उचलून आणाले."

बस आली, तरी कुसुमबाई जागेवरून उठल्या नाहीत.