ठासलेला बार

निवडणूक संपली, तशा ठाण्यात जमा केलेल्या परवान्याच्या बंदुका परत मिळू लागल्या. चारित्र्याच्या दाखल्यासाठी आलेल्या निकिताच्या पुढं रांगेत दोन म्हातारे शेतकरी होते, पाथर्डीकडचे गहिनीनाथ आणि भाऊसाहेब. ओळख रांगेतलीच.

"माझी ठासणीची हाय," गहिनीनाथ सांगत होते. " रानडुकरं मका उभी ठिवंनात, म्हनून म्हैनाभर मापच जमवत हुतो."

"दारूचं?"

"व्हय! जास्त झाली की खांदा निखळायचा, कमी पडली की छर्रे बांधावरच सांडायचे."

"अन् बोळा कशाचा?"

"नारळाच्या शेंडीचा! शेवटी असं जमलं भाऊसाहेब, पार बाभळीवरच्या तेलाच्या डब्याची चाळण झाली!"

"लई भारी! मग डुक्कर?"

"तेच की! त्याच मापाचा बार ठासला, रानातल्या माळ्याकडं निघनार, तेवढ्यात पोलीस पाटील दारात. म्हनला, आचारसंहिता लागली, आत्ताच्या आत्ता बंदूक जमा करा."

"मग ठासलेला बार उडवला कुठं?"

"उडवला?"

"उडवल्याबिगर निघतो व्हय त्यो? निदान घोड्याखालची ठिणगीची केप तरी काढून ठिवली का?"

गहिनीनाथ सगळे खिसे चाचपू लागले.

आतून हवालदार बंदूक घेऊन आले. "गहिनीनाथ कोण? या, तुमच्यादेखत चाप दाबून बघतो, म्हणजे नंतर तक्रार नको."

निकिता सगळ्यांच्या आधी खाली बसली.