भावोजींचा नवा सायलेन्सर

कुरियरवाल्याची मोटारसायकल आवाजाच्या तपासणीत नापास झाली. पण ते तूर्तास झालंच नाही असं समजू. रांगेत पुढे अजून दोघं आहेत आणि शेजारी सायलेन्सर निवडून देणारा मेहुणा आहे.

“भावोजी, ताकद वाढली ना?”

“वाढली. लोकांच्या खिडक्या हलतात.”

“आणि अ‍ॅव्हरेज?”

“पंचेचाळीसचं बावन्न.”

“बघा! मी म्हटलं नव्हतं?”

“अरे, शाळा, दवाखाना, आपली गल्ली, सगळीकडे बंद करून ढकलत नेतो!”

“तरी बावन्न ते बावन्नच.”

“आज नापास झाली तर नोकरी जाईल रे. तुझ्या ताईला काय सांगू?”

“घाबरताय काय? अर्ज द्या.”

कुरियरवाल्याने लिहिलं, “महोदय, सदर वाहनाची तपासणी इंजिन सुरू न करता करण्यात यावी, ही नम्र विनंती.”