टेकडीवरचा लाल डाग

...आता ‘लाल ते लाल!’ म्हणजे काय हो? टोमॅटोही लाल असतो, म्हणून काय त्याच्यामागे गस्त लावायची? पण आमच्या कुराहाशी साहेबांपुढे हे बोलणार कोण? मी? अहो, मागे कुणी शिंकलं तरी मी हातातला चहा सांडते! पोलीस ठाण्यात नोकरी करते, खरंय, पण गणवेशवाली नाही हं. कॉलेजात भूगोल शिकले, तर ओसाकाच्या कडेच्या या आमच्या ठाण्यात गुन्ह्यांचा नकाशा करायला बसवलं. तक्रार आली की संगणकावर एक ठिपका. ठिपके दाटले की तो भाग लाल. आणि लाल तिथे संध्याकाळची गस्त. गस्त म्हणजे किती? तर दोन शिपाई, दोन सायकली, संपलं! ती इकडे गेली की तिकडे कुणी नाही.

बरं, तुम्हाला सांगते, सुरुवात छान झाली होती. आमच्या घरमालकीणबाई, किनुए बाई, मोहल्ल्याच्या सार्वजनिक न्हाणीघरातून सायकलीवर घरी येत होत्या. पुढच्या टोपलीत पिशवी. मागच्या गल्लीत एक स्कूटरवाला शेजारून सुर्रकन गेला, पिशवी घेऊन गेला, आणि बाई सायकलीसकट आडव्या! मनगट मोडलं. त्या गल्लीत असं आणखी दोघींचं झालेलं. बाई मला म्हणतात, “तू नकाशे काढतेस ना गं? मग माझा ठिपका जरा ठसठशीत काढ!” काढला. गल्ली लाल झाली, गस्त आली, स्कूटर गायब! मी माझ्या पदवीला मनातल्या मनात वाकून नमस्कार केला.

आणि मग ती टेकडी!

टेकडीवर सगळी निवृत्त मंडळी, कापलेली झुडपं आणि डुलक्या घेणारी मांजरं. तिथून एक फोन आला, ‘फाटकापाशी अनोळखी माणूस उभा होता.’ एक ठिपका. आता आमच्याकडे नियम आहे, ठिपका टाकला की जागेवर जाऊन पडताळायचा. कारण घरांचे नंबर रांगेनं थोडेच असतात? जे घर आधी बांधलं त्याचा नंबर आधी! सातच्या शेजारी तेवीस, आणि आठ कुठे, तर मागच्या गल्लीत! म्हणून विजेच्या खांबावरची पत्त्याची पाटी वाचायची. पाटी उंच, मान वर करावी लागते. नंबर माझ्या लक्षात राहत नाही, पुटपुटावा लागतो. तर मी खांबाशी पुटपुटत उभी, आणि मागून कानठळ्या बसतील असं कुणीतरी ओरडलं, “शुभ संध्याकाळ!”

मी जी उडाले ती उतारावरून थेट बसथांब्यावर! असो.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरून पुन्हा फोन. संशयित व्यक्ती! आणखी ठिपका. पडताळायला कोण? मी. पुन्हा खांब, पुन्हा मागून ती आरोळी, पुन्हा बसथांबा. पुन्हा फोन! मला मेलीला वाटलं, बाई गं, चाललंय काय टेकडीवर? मी शिटी घेऊन जायला लागले. भीती वाटते हो! आणि ठिपक्यांवर ठिपके, टेकडी नुसती पेटली, लालभडक! न्हाणीघराची गल्ली बिचारी फिकट होत गेली. साहेबांनी नकाशा पाहिला, जवाच्या चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “गस्त टेकडीवर न्या.”

“पण साहेब, तिथे काहीच चोरीला गेलेलं नाही...”

“मिनागावा, लाल ते लाल!”

त्याच आठवड्यात किनुए बाईंचं प्लास्टर निघालं. केस स्वतः धुवायचे, मोठ्या हौदात गळ्यापर्यंत बसायचं, असं किती दिवस घोकत होत्या! टॉवेल घेऊन दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. “ती स्कूटर फिरतेय गं पुन्हा. मी आपली घरीच अंग पुसते.” त्यांचा तो घडी घातलेला टॉवेल पाहिला आणि तुम्हाला सांगते, ठरवलंच. म्हटलं, टेकडीवरच्या त्या संशयिताला मी धरणार! थरथरत का होईना, पण धरणार!

बसले सगळ्या तक्रारी वाचत. ‘बाई. पंचविशीची. खांबाशी बोलते. नमस्कार केला की पळते. पाठीवर हिरवी पिशवी, पिशवीला कापडी बेडूक.’

मी खुर्चीच्या पाठीकडे पाहिलं. हिरवी पिशवी. बेडूक माझ्याकडेच बघत होता.

साहेबांना जाऊन सांगितलं. साहेबांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, “तक्रारदारानं मागे घेतल्याशिवाय ठिपका पुसता येत नाही.”

“अहो पण साहेब, ती मी आहे!”

“लाल ते लाल!”

मग गेले. धावत नाही, चालत गेले टेकडीवर. तिथल्या राखणमंडळाच्या म्होरक्या गोंडो आजी, हिरवी टोपी, हातात झेंडा. मी कमरेत वाकले आणि म्हटलं, “आजी, संशयित मी आहे.”

“अगं बाई, हीच ती! या गं सगळ्या, सापडली!” चार आज्या धावत आल्या. एकीनं फोटो काढला, एकीनं हातात तांदळाच्या कुरकुरीत पापड्या कोंबल्या. “पळतेस मात्र झकास हो!” “पण पळालीस का गं? आमचा नेमच आहे, अनोळखी दिसला की खणखणीत नमस्कार. भला असेल तर उलट नमस्कार करतो, चोर असेल तर पळतो!”

“आजी, मी दचकते हो!”

“मग चोरांनी काय करावं?”

म्हटलं, तक्रारी मागे घ्या. तर आजी फुरंगटल्या! “इतक्या वर्षांत टेकडीवर पहिल्यांदा काही घडलं, ते मागे घेऊ?” तेव्हा मी, हो मीच, त्यांच्यावर आवाज चढवला! किनुए बाईंचं मनगट सांगितलं, टॉवेल सांगितला, परत आलेलं पाऊल सांगितलं. मग गोंडो आजी म्हणाल्या, “त्या न्हाणीघराचं पाणी चांगलं कढत असतं का गं?”

संध्याकाळी ही पलटण खांद्यावर टॉवेल टाकून खाली! मध्ये किनुए बाई, सायकलीवर. टोपलीत पिशवी, मुद्दामच. मी भिंतीला चिकटलेली, तोंडात शिटी. आली! स्कूटर आली, हात पिशवीकडे वळला, आणि पाची जणींनी एका दमात, “शुभ संध्याकाळ!!”

तो माणूस जो दचकला म्हणता! मला तर त्याची दयाच आली. स्कूटर भिंतीशी रचलेल्या बाटल्यांच्या खोक्यांत, तो खाली, आणि त्याच्या पाठीवर गोंडो आजी बसलेल्या! मी जीव खाऊन शिटी फुंकतेय, पण गस्त कुठेय? टेकडीवर! लाल ते लाल!

त्या रात्री किनुए बाई हौदात इतका वेळ बसल्या की मालकाला दार वाजवावं लागलं. आज्यांनी तक्रारी मागे घेतल्या, टेकडी पुन्हा फिकट. सगळं गोड झालं. फक्त चोर धरला त्या जागेचा ठिपका पडताळायचा राहिला होता. कोण जाणार? गेले. मान वर केली, डोळे बारीक केले, नंबर पुटपुटले... आणि मागून, न्हाऊन आलेल्या किनुए बाई, अगदी प्रेमानं, “शुभ संध्याकाळ, पोरी!”

सकाळी ठाण्यात फोन वाजला. न्हाणीघराचे मालक. “मागच्या गल्लीत एक बाई खांबाशी बोलत होती, नमस्कार केला तर पळाली. पिशवीला बेडूक...”

मी निमूटपणे ठिपका टाकला. काय करणार? लाल ते लाल!