उभ्या गाडीचं डिझेल

डिझेलच्या रांगेत माझ्यापुढे एक ट्रक सुरूच उभा होता. ट्रकचा मालक आणि त्याचा ड्रायव्हर असलेला जावई बॉनेटवर हात शेकत होते.

"जावईबापू, रागावू नका, पण थंडी पडली की आपलं डिझेल जातं कुठं?"

"मामा, गारठ्यात ऑइल घट्ट होतं, टायरची हवा उतरते. इंजिन तापेपर्यंत गाडी नुसती पीत असते."

"उन्हाळ्यात बरी पळायची!"

"उन्हाळ्यात तुम्हीही पहाटे उठता. हल्ली तीन चहांशिवाय पांघरूण सोडत नाही."

"मी डिझेल पीत नाही! लोक म्हणतात, जावई परस्पर विकतो."

"तुमच्या लेकीची शपथ घेऊ?"

"तिची नको! गाडीवर हात ठेवून सांगा."

"हात मघापासून गाडीवरच आहे, मामा."

"बरं, उभ्या उभ्याही जळतं का?"

"मग! बंद करू?"

"थांबा हो, आत्ता कुठं बोटं हलायला लागलीत."

रांग हलली, तसा जावई केबिनमध्ये चढला. तेवढ्यात इंजिनाने दोन गचके खाल्ले आणि ते गप्प झालं.

"थांबा म्हटलं होतं ना? बंद का केलीत?"

"मी नाही केली. संपलं."

"आता हो?"

"आता मागून ढकला, मामा. अंगही गरम होईल."