बरोबरी? मी नाही घेत!

बरोबरी घ्यायची म्हणे! का घ्यायची? तुम्हाला सांगते, बत्तीस वर्षं कुंभकोणमच्या पोस्टात शिक्के मारले, जेवणाच्या सुट्टीत तिथल्या समस्त पुरुषांना बुद्धिबळात घाम फोडला, आणि दरवेळी डाव अंगाशी आला की त्यांचं तेच गोड हसू, "जाऊ द्या हो विशालम अम्मा, बरोबरी करू, सांबार गार होतंय..." आणि मी बावळट, करायची! म्हणून साठीला पहिल्यांदा स्पर्धेत नाव दिलं तेव्हाच ठरवलं, जिंकेन नाहीतर हरेन, बरोबरी मी नाही घेत!

शेवटची फेरी, लग्नाचा हॉल, समोर मन्नारगुडीचा औषधवाला वीरबाहू, कपाळभर विभूती, आणि विसाव्या चालीलाच, "अम्मा, बरोबरी?" अरे, आत्ता कुठे माझा घोडा उधळलाय! नाही म्हटलं. पाच चालींनी पुन्हा, "उकडतंय फार अम्मा... बरोबरी?" उकडतंय तर पंख्याखाली बस! इकडे आमचे हे, दहीभाताचा डबा मांडीवर घेऊन दोरीपलीकडे बसलेले, डोळे मोठ्ठे करून खुणावतायत, घे, घे! कारण नुसता अर्धा गुण मिळाला असता ना, तर साठीवरच्या बायकांतलं पहिलं बक्षीस माझं होतं! तरी मी मान फिरवली. नाही घेत! तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा आवाज अगदी बारीक... म्हटलं, बघा, म्हातारीची कीव करतोय! त्या रागात वजीर उचलला, दाणकन ठेवला, आणि हात सोडला तेव्हा दिसलं. त्याचा उंट. कोपऱ्यात. तासभर तिथेच बसलेला, मेला!

वजीर गेला. म्हणून डाव सोडला? छे! आणखी तेवीस चाली लढले, दोन प्याद्यांवर, आणि मग स्वतःच्या हाताने राजा आडवा केला, ताठ मानेने.

आमचे हे धावत आले, "अगं, घ्यायची होतीस ना!"

"नाही घेत!"

तेवढ्यात वीरबाहू अंगवस्त्राने मान पुसत म्हणतो, "अम्मा, एक सांगू? वजिराऐवजी तो हत्ती पुढे घातला असतात ना, तर दोन चालींत मी मेलो होतो. म्हणून तर सारखी बरोबरी मागत होतो!"

ऐकलंत? कीव नव्हती हो, भीती होती! साठ वर्षांत पहिल्यांदा एक पुरुष मला टरकला... आणि मेल्याने ते सांगितलं कधी? मी हरल्यावर!